साखर आधी, चहा शेवटी

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. इथे न्यूजर्सीत बाहेर बर्फ पडून कडक झालेला, तरी शाळेला सुट्टी दिली नाही म्हणून लेक वैतागलेली, आणि किचनच्या टेबलावर तिची फ्लॅशकार्डं पसरलेली. अकरावीला आहे ती, एपी यूएस हिस्ट्री (अमेरिकेच्या इतिहासाचा कॉलेजच्या पातळीचा शाळेतला विषय) घेतलंय, पोरं त्याला 'एपुश' म्हणतात. समोर माझ्या सासूबाई मटार सोलत बसलेल्या. लेक डोळे मिटून घडाघडा म्हणत होती, शुगर ॲक्ट, स्टॅम्प ॲक्ट, डिक्लरेटरी ॲक्ट, टाउनशेंड ॲक्ट्स, टी ॲक्ट, इनटॉलरेबल ॲक्ट्स, म्हणजे स्वातंत्र्याआधी इंग्रजांच्या पार्लमेंटने अमेरिकेतल्या वसाहतींवर लादलेले कायदे, सनांसकट, कुठेही न अडखळता. म्हणून झाल्यावर तिने आमच्याकडे बघितलं, मी 'व्वा' म्हटलं, आणि आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) हातातली शेंग तशीच धरून विचारलं, "अगं, पण तुझ्या त्या टी ॲक्टच्या कार्डावर लिहिलंय की ह्या कायद्यानं चहा स्वस्त झाला. स्वस्त झाला तर मग समुद्रात कशाला फेकला?" लेक थांबली. कार्ड उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं. मग म्हणाली, "आजी, ते टेस्टमध्ये नाही विचारत." आणि पुढचं कार्ड उचललं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

राग नव्हता आला मला. त्या कार्डांमागची मेहनत रोज बघत होते, १४९१ पासून थेट आजपर्यंतचा इतिहास एका शालेय वर्षात, मे महिन्यात परीक्षा, ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, मग वर निबंध. निबंधात कारणंही विचारतातच खरं तर, पण ही शुक्रवारची छोटी क्विझ होती, तिला फक्त क्रम हवा होता आणि तो तिला आला होता. खुपलं ते वेगळंच. मी शाळेत असताना पानिपताच्या पराभवाची कारणं मुद्दे पाडून अशीच पाठ केलेली, पेपर लिहिला आणि महिन्याभरात सगळे मुद्दे उडून गेले, १७६१ तेवढं राहिलं. नुसता आकडा. भिंतीवर खुंटी आहे आणि तिच्यावर काहीच टांगलेलं नाही असं. लेकीच्या भिंतीवर तर अशा खुंट्यांच्या रांगाच्या रांगा ठोकल्या जात होत्या, सुबक, सरळ रेषेत, आणि आईंनी एका प्रश्नात दाखवलं की टांगायचं राहिलंय.

त्या दिवसांत आमच्या घरात विद्यार्थी दोन होते. लेक एपुशची, आणि आई सिटिझनशिपच्या परीक्षेच्या. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली म्हणून त्यांचा अर्ज भरलेला, आणि सिव्हिक्सच्या १०० प्रश्नांची यादी मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिलेली. (आता ती यादी १२८ ची झालीय, २० विचारतात आणि १२ बरोबर लागतात. आईंच्या वेळी जुनी पद्धत होती, १० पर्यंत विचारणार, ६ बरोबर आले की पास.) आई सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होत्या, निवृत्त होईपर्यंत. पोरांकडून पाढे, पावकी, निमकी म्हणून घेण्यात आयुष्य गेलेलं. त्यामुळे शंभर प्रश्नांची त्यांना भीती अशी नव्हती, पण नावं जिभेवर बसत नव्हती, कनेटिकट म्हणताना मधला सी लिहायचा पण बोलायचा नाही हे त्यांना फार अन्यायाचं वाटायचं. मग एक दिवस लेकीनं आजीला शिकवायला घेतलं, आपल्या युक्त्या एकेक करून सांगायला लागली, आणि तिथून ह्या सगळ्या गोष्टीला खरा रंग चढला.

इंग्लिशमधल्या युक्त्या बहुतेक पहिल्या अक्षरांच्या असतात. 'वॉशिंग्टन अँड जेफरसन मेड मेनी अ जोक', हे इथल्या पिढ्यान् पिढ्यांनी पाठ केलेलं वाक्य, त्यातल्या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून पहिले सात राष्ट्राध्यक्ष: वॉशिंग्टन, ॲडम्स, जेफरसन, मॅडिसन, मन्रो, पुन्हा ॲडम्स (हा मुलगा), जॅक्सन. राज्यघटनेची सात कलमं हवी असतील तर 'लार्ज एलिफंट्स जंप स्लोली अँड सिंक रॅपिडली', मोठे हत्ती सावकाश उडी मारतात आणि झपकन बुडतात: लेजिस्लेटिव्ह, एक्झिक्युटिव्ह, ज्युडिशियल, मग स्टेट्स, अमेंडमेंट, सुप्रीमसी, रॅटिफिकेशन. पहिल्या दुरुस्तीतली पाच स्वातंत्र्यं म्हणजे 'रॅप्स', रिलिजन, असेंब्ली, प्रेस, पिटिशन, स्पीच. आई हत्तींवर खूश झाल्या पण दहा मिनिटांत म्हणाल्या, बाळा, हे मला नाही चालायचं, मला आधी इंग्लिश वाक्य पाठ करायचं, मग त्यातलं अक्षर काढायचं, मग त्या अक्षराचा माणूस शोधायचा, तीन जिने चढून जायचं एका नावासाठी. आम्ही 'तानापिहिनिपाजा' म्हणायचो, त्यात अक्षर म्हणजेच रंग. मला काहीतरी चालीत बसणारं दे.

आणि मग त्यांनी स्वतःच ते केलं. लेकीची कार्डं घेतली, नावं बाजूला ठेवली आणि फक्त सन एका कागदावर उतरवले. १७६३ ला राजाचं फर्मान की ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायची नाही. १७६४ साखर. १७६५ स्टॅम्प. १७६६ ला स्टॅम्पचा कायदा मागे घेतला पण त्याच दमात जाहीर केलं की वसाहतींवर वाट्टेल तो कायदा करायचा हक्क पार्लमेंटला आहेच. १७६७ टाउनशेंड, म्हणजे काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात. आई बघतच राहिल्या. "अगं हे तर सरळ आहे, त्रेसष्ट ते सदुसष्ट दरसाल एक. मग तीन सोडून सत्तर, तीन सोडून त्र्याहत्तर, आणि पुन्हा चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, शहात्तर दरसाल एक." १७७० म्हणजे बॉस्टनमध्ये सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली, त्यांतला एक क्रिस्पस ॲटक्स, आफ्रिकन आणि आदिवासी वंशाचा खलाशी. १७७३ चहा, बॉस्टनच्या बंदरात फेकलेला. १७७४ शिक्षेचे कायदे, बॉस्टन बंदर बंद. १७७५ लेक्झिंग्टन आणि काँकर्ड, युद्धाच्या पहिल्या चकमकी. १७७६ तर सांगायलाच नको. पाच पायऱ्या सलग, दोन उड्या तीन-तीनच्या, पुन्हा तीन पायऱ्या सलग. आणि मालाचा क्रम लक्षात ठेवायला त्यांनी एकच ओळ केली, 'साखर आधी, चहा शेवटी'. लेक म्हणाली, हे आमच्या रिव्ह्यू बुकमध्ये नाहीये. नसणारच.

पण चहा स्वस्त झाला आणि तरी फेकला, हा प्रश्न आईंनी सोडला नव्हता. त्यांची एक सवय आहे, उत्तर मिळेपर्यंत त्या विषय बदलत नाहीत, फक्त गप्प बसतात. शेवटी लेकच एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसली. टाउनशेंडची बाकीची जकात १७७० मध्ये काढली होती, चहावरची तेवढी ठेवली होती, पौंडाला तीन पेन्स. पैशासाठी कमी आणि हक्क दाखवायला जास्त. वसाहतीतली माणसं मग चोरटा डच चहा प्यायला लागली. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला थेट अमेरिकेत, आपल्या ठरवलेल्या अडत्यांमार्फत चहा विकायची परवानगी मिळाली, इंग्लंडमधली जकात माफ झाली, त्यामुळे तीन पेन्स धरूनही कंपनीचा चहा चोरट्यापेक्षा स्वस्त पडायला लागला. म्हणजे स्वस्त चहा प्यायचा आणि प्रत्येक घोटाबरोबर तो तीन पेन्सचा हक्क मान्य करायचा. शिवाय इथल्या व्यापाऱ्यांचा, आणि अर्थातच चोरट्या व्यापाऱ्यांचा, धंदा बसणार. कंपनीला ही सवलत का? कारण ती बुडायच्या बेतात होती, गोदामांत चहा पडून होता, १७७२ ला लंडनमध्ये पतपेढ्या कोसळलेल्या. आणि त्याच्याच दोन वर्षं आधी बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडलेला, लाखोंनी माणसं मेलेली, कंपनीने तरी सारा वसूल केलेला.

इथे लेक वाचता वाचता थांबली. पेनसिल्व्हेनियातल्या जॉन डिकिन्सनने १७७३ च्या नोव्हेंबरात टोपणनावाने एक पत्रक लिहिलं होतं, त्यात त्याने आपल्या लोकांना बजावलं होतं की ह्या कंपनीने आशियात काय केलंय ते बघा, माणसं उपाशी मेली आणि ह्यांनी धान्यात नफा काढला, आता ह्यांची नजर अमेरिकेवर आहे. म्हणजे बॉस्टनच्या धक्क्यावर १६ डिसेंबरच्या रात्री तीन जहाजांवरून सुमारे ३४० पेट्या चहा पाण्यात गेला, त्या रागात बंगालच्या दुष्काळाचीही बातमी होती. चहा चीनचा, कंपनी लंडनची, भूक बंगालची आणि बंदर बॉस्टनचं. आई म्हणाल्या, "आता आलं ध्यानात." लेकीने नवीन कार्ड केलं, त्यावर सन लिहिला आणि खाली फक्त एवढंच: 'स्वस्त का? कोणासाठी?'

मला तो रविवार फार आवडला होता.

त्यानंतर आईंना त्यांच्या घरचीच खुंटी सापडली, सनावळी. त्यांच्या पिढीच्या शिक्षकांना मराठ्यांच्या इतिहासाचे सन नुसते पाठ नसतात, ते त्यांच्या बोलण्यात असतात. त्या प्रत्येक अमेरिकन तारखेला शेजार शोधायला लागल्या. १६३०, शिवनेरीवर पाळणा हलला, त्याच वर्षी जॉन विंथ्रॉपची जहाजं मॅसॅच्युसेट्सला लागली आणि बॉस्टन वसलं. १७३७, बाजीराव दिल्लीच्या वेशीवर धडकला, आणि इकडे पेनसिल्व्हेनियात विल्यम पेनच्या मुलांनी लेनापे आदिवासींना फसवून जमीन काढून घेतली: दीड दिवसात माणूस चालून जाईल तेवढी जमीन द्यायची असा जुना करार होता म्हणे, तर ह्यांनी निवडक चपळ माणसं आणून, वाट आधीच साफ करून, जवळजवळ पळत नेली. (ही गोष्ट एकदा ऐकली की तिला युक्ती लागत नाही. अन्यायाची गोष्ट नीट सांगितली तर ती आपोआप राहते.) १७७३, ऑगस्टात शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, डिसेंबरात बॉस्टनचा चहा. १७७५ च्या मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, एप्रिलमध्ये लेक्झिंग्टनला पहिली गोळी सुटली. १७७६ मार्च पुरंदरचा तह, जुलै स्वातंत्र्याचा जाहीरनामा. १७७९ जानेवारी वडगाव, इंग्रजांची फौज मराठ्यांपुढे शरण. १७८१ ऑक्टोबर यॉर्कटाउन, इंग्रजांची फौज वॉशिंग्टनपुढे शरण. १७८२ सालबाईचा तह, १७८३ पॅरिसचा.

लेकीला आधी हा आजीचा खेळ वाटला, मग हळूहळू तिला दिसायला लागलं की हे दोन इतिहास नुसते एका वेळी घडलेले नाहीत, त्यांत माणसंही तीच आहेत. सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच माणूस १७७७ ला पुण्यात आला आणि मुंबई-कलकत्त्याच्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला, कारण फ्रेंच तेव्हा अमेरिकेतही बंडखोरांना आतून मदत करत होते आणि पुढच्याच वर्षी उघड युद्धात उतरले. यॉर्कटाउनला ज्याची फौज शरण गेली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, टिपूशी लढला तेव्हा त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा होत्या, आणि शेवटी गाझीपूरला १८०५ मध्ये मेला, कबर तिथेच आहे. लेकीच्या पुस्तकात कॉर्नवॉलिस १७८१ ला संपतो. आईंच्या पुस्तकात तो १७८६ ला सुरू होतो. एका टेबलावर दोघींची पुस्तकं ठेवली तेव्हा तो माणूस पूर्ण झाला. १८०३ चं तर मलाही माहीत नव्हतं, एप्रिलमध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियानाचा प्रचंड प्रदेश विकत घेतला आणि सप्टेंबरात असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला.

तेरा वसाहतींसाठी मात्र मराठी सनावळी उपयोगाची नव्हती, तिथे नकाशाच लागतो. चार-चार-पाच. वर न्यू इंग्लंडच्या चार, न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड, कनेटिकट. मधल्या चार, न्यूयॉर्क, न्यूजर्सी, पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर. खालच्या पाच, मेरीलँड, व्हर्जिनिया, दोन कॅरोलायना, जॉर्जिया. आई हे उजव्या हाताची बोटं मिटत म्हणायच्या, वरून खाली, चार बोटं, चार बोटं, मग अंगठ्यासकट. गाडीत बसल्या की नंबरप्लेटा वाचायच्या, डेलावेअरच्या पाटीवर 'द फर्स्ट स्टेट' लिहिलेलं असतं, घटना सगळ्यांत आधी त्यांनी मान्य केली, ७ डिसेंबर १७८७, हे टर्नपाइकवर ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पाठ झालेलं. एक डॉलरची नोट तर त्यांनी अभ्यासालाच घेतली. मागे पिरॅमिड, तेरा थर, सगळ्यांत खाली रोमन आकड्यांत १७७६, गरुडाच्या एका पंज्यात तेरा बाण, डोक्यावर तेरा तारे. ज्यांनी हे चित्र बनवलं त्यांनाही लोकांच्या लक्षात राहावं हीच काळजी होती की. बेंजामिन फ्रँकलिनचं १७५४ चं ते कापलेल्या सापाचं चित्र तेच, शेपटीपासून डोक्यापर्यंत दक्षिणेकडून उत्तरेकडे वसाहतींची अक्षरं, आठ तुकडे, न्यू इंग्लंडच्या चौघांचा मिळून एक, आणि जॉर्जिया चित्रातच नाही.

जुने ग्रीक-रोमन वक्ते म्हणे भाषण पाठ करायला ओळखीच्या घराच्या खोल्या मनात आणायचे आणि प्रत्येक खोलीत एकेक मुद्दा ठेवायचे. बॉस्टनचा फ्रीडम ट्रेल म्हणजे अख्ख्या शहराने केलेलं तसंच घर आहे, फुटपाथवर विटांची लाल रेघ, अडीच मैल, १६ ठिकाणं, रेघेवरून चालत राहायचं. आम्ही न्यूजर्सीवाले त्याबाबतीत कमी नाही. २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री वॉशिंग्टनने बर्फाचे तुकडे वाहणाऱ्या डेलावेअर नदीतून २,४०० माणसं ह्या काठाला आणली आणि सकाळी ट्रेंटनमध्ये इंग्रजांच्या हेशियन (जर्मन) भाडोत्री सैनिकांवर तुटून पडला, नऊशेच्या आसपास कैदी मिळाले. वर्ष संपताच त्याच्या बहुतेक सैनिकांची मुदत संपणार होती, म्हणजे आठवडाभरात फौजच उरली नसती. आम्ही थंडीत त्या काठावर गेलो होतो. वारा कानात घुसत होता, पाणी काळंशार, आणि आई शाल डोक्यावरून घेऊन म्हणाल्या, "ह्यांच्या पायात जोडे होते का?" पुष्कळांच्या नव्हते, पायाला चिंध्या बांधलेल्या होत्या. पंचवीस डिसेंबर ही तारीख लेकीला पुन्हा कार्डावर लिहावी लागली नाही.

पण ह्या सगळ्यात एक गोष्ट मला अस्वस्थ करत राहिली. युक्ती ज्याच्यासाठी बनते तेवढंच राहतं. लाँगफेलो ह्या कवीने १८६० मध्ये, इंग्रज फौज येतेय हा निरोप घेऊन निघालेल्या पॉल रिव्हिअरच्या मध्यरात्रीच्या घोडदौडीवर कविता लिहिली, तारीखवार, ताल धरून, आणि अमेरिकेतल्या पोरापोराला १८ एप्रिल १७७५ पाठ झालं. कवितेत रिव्हिअर एकटाच निरोप घेऊन काँकर्डपर्यंत जातो. प्रत्यक्षात विल्यम डॉझ वेगळ्या वाटेने निघाला होता, लेक्झिंग्टननंतर सॅम्युअल प्रेस्कॉट त्यांना येऊन मिळाला, वाटेत इंग्रजांच्या गस्तीने रिव्हिअरला पकडलं, डॉझला माघारी फिरावं लागलं, आणि काँकर्डला पोचला तो प्रेस्कॉट. प्रेस्कॉटवर कुणी कविता केली नाही, म्हणून तो नाही. तसंच १६१९. व्हर्जिनियात जेम्सटाउनच्या चर्चमध्ये त्या वर्षीच्या जुलैअखेर निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. आणि त्याच वर्षी, त्याच व्हर्जिनियात, ऑगस्टअखेर पॉइंट कम्फर्टला एक जहाज लागलं, त्यातून वीसेक आफ्रिकन माणसं उतरवली आणि अन्नधान्याच्या बदल्यात दिली. एका महिन्याच्या अंतराने. ह्याचं यमक माझ्या ऐकण्यात नाही, कोलंबसच्या १४९२ चं मात्र बालवाडीपासून आहे. आईंनी त्यालाही ओळ केली, 'एकोणीसच्या जुलैत सभा, ऑगस्टात साखळी', आणि ही ओळ लेक अजून म्हणते, शाळेत सुद्धा, मराठीतच.

म्हणून मग त्या दोघींनी जुन्या युक्त्या पुन्हा काढल्या, ह्या वेळी तपासायला. सात राष्ट्राध्यक्षांच्या त्या जोकवाल्या वाक्यात 'ए' हे अक्षर दोनदा येतं, दोन्ही ॲडम्स, बाप आणि लेक. लेकीच्या लक्षात आलं की ह्या सातांमध्ये एकच टर्म मिळालेले हे दोघेच, बाकी पाचही दोन-दोन टर्म. आणि थोडं आणखी वाचल्यावर तिला दिसलं की स्वतःच्या मालकीचे गुलाम नसलेलेही हे दोघेच. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो, जॅक्सन, पाचही जणांकडे होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या नावांमधून ही रेघ गेलेली, वाक्य तेच, अक्षरं तीच. ती मला ते दाखवायला वर बेडरूममध्ये धावत आली होती, रात्री अकरा वाजता, आणि मला आठवतंय तिचा आवाज चिडलेला होता, आनंद आणि चीड एकदम. जेफरसनने लिहिलेला जाहीरनामा तिला फार आवडायचा. अजूनही आवडतो. तिने त्या रात्री विचारलं की आवडायला परवानगी आहे का, आणि मी म्हटलं आहे, दोन्ही लक्षात ठेव. मला दुसरं काही सुचलंही नसतं.

मार्चमध्ये आम्ही फिलाडेल्फियाला गेलो. लिबर्टी बेल ही प्रसिद्ध घंटा ठेवलीय तिथे दाराशीच वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचा त्या घराची जागा आहे, घर नाही, पाया आहे, आणि तिथल्या दगडी भिंतीवर त्याने तिथे गुलाम म्हणून ठेवलेल्या नऊ जणांची नावं कोरलेली आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राज्यात राहिला तर स्वतःचं स्वातंत्र्य मागू शकायचा, म्हणून वॉशिंग्टन सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर हलवून आणायचा. ज्या शहरात घटना लिहिली त्या शहरात. ओनी जज ही त्यांतली एक, मार्था वॉशिंग्टनची दासी, २१ मे १७९६ ला घरातली मंडळी जेवत असताना निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली, माणसं पाठवूनही परत आली नाही आणि १८४८ ला तिथेच वारली. आई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग नावं मोठ्याने वाचायला लागल्या. ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर, रिचमंड, जाइल्स, ओनी, मॉल, जो. दुसऱ्यांदा वाचताना चाल लागली होती, शाळेत हजेरी घेतात तीच. शेजारी उभं असलेलं एक कुटुंब थांबून ऐकत होतं. परतीच्या ट्रेनमध्ये त्यांनी ती नऊ नावं कागद न बघता म्हटली.

त्यांची मुलाखत वसंतात झाली, नेवार्कला. मूळच्या तेरा राज्यांपैकी तीन सांगा, हा प्रश्न आला आणि आईंनी बोटं मिटत तेराच्या तेरा सांगितली, चार, चार, पाच. अधिकारी बाई हसल्या म्हणे. सहा उत्तरं बरोबर आल्यावर त्यांनी यादी बाजूला ठेवली, आणि आई घरी येईपर्यंत थोड्या खट्टूच होत्या, शंभर तयार केले आणि सहावर थांबवलं. यादीत नसलेला एक सन त्यांनी स्वतःहून पाठ केला होता, १७९०, नागरिकत्वाचा पहिला कायदा, पहिल्याच काँग्रेसने केलेला, फक्त 'स्वतंत्र गोऱ्या माणसां'साठी. भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या, १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावरूनच नागरिकत्व नाकारलं, आणि हिंदुस्थानी माणसाला नागरिक व्हायची मुभा मिळाली १९४६ ला. शपथविधीच्या दिवशी गाडीत त्यांनी हे तीन सन लेकीकडून म्हणवून घेतले, मग स्वतः म्हणाल्या, मग पदर नीट करून उतरल्या. मला त्या दिवशी अभिमानही वाटत होता आणि घशात काहीतरी अडकलंही होतं, आईंचा निळा पासपोर्ट आता रद्द होणार, साताऱ्याला जायला त्यांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) लागणार, हे सगळं एकाच वेळी डोक्यात.

लेकीची परीक्षा झाली, बरी गेली. पण कार्डं टेबलावरून गेलेली नाहीत. सध्या भांडण आठव्या नावावर आहे. दोन 'ए' वाली ती युक्ती जॅक्सनपर्यंतच टिकते, आठवा व्हॅन बुरेन, त्याला टर्म एकच मिळाली पण त्याच्याकडेही पूर्वी एक गुलाम होता, टॉम नावाचा, जो पळून गेला. मग तिने पुढची नावं लावून बघितली, व्हॅन बुरेन, हॅरिसन, टायलर, पोक, टेलर, फिलमोर, पिअर्स, ब्युकॅनन, आणि तिला दिसलं की लिंकनच्या आधीच्या ह्या आठांपैकी एकालाही दुसरी टर्म मिळालेली नाही. दोघे तर पदावर असतानाच वारले, हॅरिसन महिन्याभरातच. ती म्हणते ही युक्ती आपोआप तयार आहे, 'जॅक्सननंतर आठ, एकेकच'. आई म्हणतात क्रम लागला, ठीक, पण आठच्या आठ माणसं का टिकली नाहीत ते सांग, गुलामीचा प्रश्न कोणालाच झेपत नव्हता की आणखी काही होतं. लेकीने लायब्ररीतून तीन पुस्तकं आणलीत, आईंनी पहिल्याचं पहिलं प्रकरण मोठ्या अक्षरात प्रिंट करून मागितलंय, आणि पोकचं नाव त्यांच्या चालीत अजून बसत नाहीये.